डामावर सही होण्याआधी: मुलांच्या रुग्णालयातील नैतिक सल्ला नेमका कोणापर्यंत पोहोचतो?

गोदातीर

नमस्कार. नाशिकमधील एका विश्वस्त संस्थेच्या मुलांच्या रुग्णालयात मी वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम करते. आमच्याकडे उपचारांविषयीच्या अवघड निर्णयांसाठी नैतिक सल्ला समिती नेमण्याचा विचार सुरू आहे. संशोधनाला मंजुरी देणारी एथिक्स कमिटी अनेक रुग्णालयांत असते, कारण औषधांच्या चाचण्यांसाठी ती कायद्यानेच बंधनकारक आहे. मी म्हणते आहे ती समिती वेगळी. बाळाचा व्हेंटिलेटर पुढे चालू ठेवावा का, आईवडील शस्त्रक्रियेला नकार देत असतील तर डॉक्टरांनी कुठवर आग्रह धरावा, अतिदक्षता विभागात एकच खाट रिकामी असताना दोन अत्यवस्थ मुले आली तर काय करावे, अशा वेळी सर्वांना एकत्र बसवून विचार करायला मदत करणे हे तिचे काम.

मसुद्यानुसार समितीला बोलावण्याचा अधिकार उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आहे आणि 'डॉक्टर व पालक यांच्यात मतभेद झाल्यास' ती बसेल. मला खटकते ते इथेच. वॉर्डात मतभेद बोलून दाखवणारे पालक बहुधा गंगापूर रोड, कॉलेज रोडकडचे असतात. ते प्रश्न विचारतात, दुसऱ्या डॉक्टरांचे मत आणतात, नात्यातला एखादा डॉक्टर त्यांच्या फोनवर असतो. सुरगाणा, पेठ किंवा त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवरून आलेले आईवडील वाद घालत नाहीत. ते मान हलवून ऐकून घेतात, जिन्याखाली बसून आपसांत बोलतात आणि संध्याकाळी 'घरी न्यायचंय' एवढेच सांगतात. मग डामाचा (डिस्चार्ज अगेन्स्ट मेडिकल अ‍ॅडव्हाइस, म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी जाण्याचा) फॉर्म पुढे येतो, त्यावर सही किंवा अंगठा उमटतो आणि पालकांनी वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध मूल नेल्याची नोंद होते. मतभेद कागदावर आलाच नाही, म्हणून समितीही बसणार नाही.

माझे मत असे, की मुलासाठी डामा मागितला गेला की तो नैतिक सल्ल्याचा प्रसंग आपोआप मानला जावा, मग कोणी बोलावो वा न बोलावो. तसे झाले नाही तर ही सोय ज्यांना आधीच बोलता येते त्यांच्याच कामी येईल. आपले अनुभव आणि आक्षेप दोन्ही हवे आहेत.

स्पष्टवक्ता

ताई, तळमळ समजते, पण प्रश्न पैशाचा आहे. ज्या बापाकडे उद्याच्या इंजेक्शनचे पैसे नाहीत, त्याच्यासमोर पाच विद्वान बसवून काय साधणार? समिती मानांकनाच्या तपासणीत दाखवायला उपयोगी पडेल. आधी बिल कमी करा.

कलम_४१अअ

पैशाची वाट कायद्यात आहे, म्हणून लिहितो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१अअ खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार, त्या कलमाखाली येणाऱ्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकातील रुग्णांना सवलतीच्या दरात द्यायच्या आहेत. त्यासाठी एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वेगळी ठेवावी लागते. याशिवाय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, जन्मजात हृदयविकारासारख्या व्याधींसाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, आणि सरकारी रुग्णालयात आजारी अर्भकावर एक वर्षापर्यंत मोफत उपचार देणारा जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे. स्पष्टवक्ता यांचे म्हणणे खरे आहेच, परंतु डामा घेणाऱ्या बापाला यातले काय सांगितले गेले, हे विचारणारे त्या क्षणी कोणी असते का? धाग्याचा विषय मला तोच वाटतो.

स्पष्टवक्ता

योजना कागदावर आहेत. योजनेचे कागद पाहणारा आरोग्यमित्र दुपारी खिडकीवर असतो, बाळ रात्री येते. शिधापत्रिका सासरच्या नावाची, आधारवर माहेरचे नाव, आणि पाच दिवसांच्या बाळाचे नाव तर कुठेच नाही. माझ्या चुलतभावाच्या मुलीसाठी आम्ही तहसील कचेरीत फेऱ्या मारत होतो आणि रुग्णालय रोज अनामत रक्कम मागत होते. मंजुरी आली तोवर दागिने मोडून झाले होते.

नवजात_कक्ष

मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि नवजात अतिदक्षता विभागात काम करतो. गोदातीर यांच्या हेतूशी सहमत असलो तरी सूचनेला माझे दोन आक्षेप आहेत.

पहिला असा, की डामा घेणारा प्रत्येक पालक मुलाला मरायला नेत नाही. कोणी शहरातल्या दुसऱ्या, स्वस्त दवाखान्यात जातो, कोणी सिव्हिलला नेतो, कोणाला धुळ्याचे नातेवाईक बोलावतात. या सगळ्यांसाठी समिती बसवली तर ज्या मुलाला तिची खरोखर गरज आहे, त्याच्यासाठी कोणाकडे वेळ उरणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. चार शिकलेली माणसे टेबलापलीकडे बसून एका घाबरलेल्या आईला 'तुम्ही मुलाला का नेता?' असे विचारू लागली, तर ती त्याला सल्ला समजेल की चौकशी? ज्या समाजाला सरकारी कचेरीचा आणि पोलीस चौकीचा अनुभव चांगला नाही, त्याला हे दडपणच वाटेल. समानतेसाठी केलेली व्यवस्था गरिबांवर सक्ती करणारी ठरू नये, याचा विचार आधी व्हायला हवा.

रात्रपाळी

डॉक्टरसाहेब, दडपणाविषयी आपण लिहिले ते अगदी योग्य आहे, पण सध्या दडपण नसते असे नाही. डामाचा फॉर्म बहुतेक ठिकाणी इंग्रजीत छापलेला असतो. 'होणाऱ्या परिणामांना आम्ही स्वतः जबाबदार राहू' हे वाक्य आम्ही परिचारिका तोंडी मराठीत सांगतो आणि खाली अंगठा घेतो. कारणाच्या रकान्यात 'पालकांची इच्छा' असे लिहिण्याची रीत आहे.

एका प्रसंगाविषयी लिहिते. बाळाच्या पावलाला ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्राची पट्टी गुंडाळलेली असते आणि तिच्यातून लाल उजेड दिसतो. ती मी सोडवत असताना आईने विचारले, 'सिस्टर, हा लाल दिवा आम्हाला विकत मिळेल का? तो लावला की बाळ श्वास घेतं.' आठवडाभर ती त्या दिव्याकडे बघत बसली होती आणि तोच उपचार आहे असे तिला वाटत होते. तिला काय समजले आहे हे आमच्यापैकी कोणीही तिला विचारले नव्हते, कारण तिने काहीच विचारले नव्हते. त्या कुटुंबाचा निर्णय 'इच्छा' या शब्दात कसा बसवायचा, हे मला आजही कळत नाही.

कलम_४१अअ

रात्रपाळी यांच्या प्रतिसादामुळे कायद्यातील एक विसंगती मांडावीशी वाटते. जीवरक्षक उपचार थांबवण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी निकाल दिला आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्यातील प्रक्रिया सुलभ केली. त्या निकालाचा भर प्रौढ व्यक्तीच्या पूर्वलिखित इच्छापत्रावर असला तरी तत्त्व स्पष्ट आहे: रुग्णालयाचे प्राथमिक वैद्यकीय मंडळ आणि त्यानंतर दुय्यम मंडळ यांनी पाहिल्याशिवाय उपचार काढून घ्यायचे नाहीत. याउलट डामाच्या मार्गाने तोच व्हेंटिलेटर एका अंगठ्यावर निघतो, त्याला कोणतेही मंडळ नाही आणि कोणताही आढावा नाही. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याच्या मुलाबाबत निर्णय प्रक्रियेने होतो आणि ज्याच्याकडे नाहीत त्याच्या मुलाबाबत तो फॉर्मने होतो.

इंदिरानगर_निवासी

शेवटचे वाक्य दोनदा वाचले. धागा वाचनखुणेत साठवला आहे.

पेठचे_गुरुजी

मी पेठ तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. गावातले मूल नाशिकला न्यायचे झाले की पुष्कळदा मला सोबत बोलावतात. माझा अनुभव असा, की 'घरी न्यायचंय' यामागे एकच कारण क्वचितच असते.

दिवाळीनंतर आमच्याकडची कुटुंबे दिंडोरी, निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, त्यामुळे रुग्णालयातला प्रत्येक दिवस कर्जावर चढतो. घरी दुसरी लहान मुले म्हाताऱ्या आजीजवळ असतात. नवसंजीवनी योजनेत आजारी बालकाच्या पालकांना बुडीत मजुरी देण्याची तरतूद आहे, पण ती आदिवासी भागातल्या सरकारी आरोग्य केंद्रापुरती. शहरातल्या विश्वस्त रुग्णालयाच्या पायरीवर बसलेल्या बापाला ती कोण देणार?

आणखी एक कारण आहे, जे हे लोक डॉक्टरांना कधीच सांगत नाहीत. मूल रुग्णालयातच दगावले तर त्याचे शरीर सावळघाटातून गावी न्यायला खासगी गाडी किती पैसे मागेल, याची त्यांना धास्ती असते. एसटीत तसे नेता येत नाही. जिवंत मूल मात्र आईच्या मांडीवर एसटीने जाते. म्हणून डॉक्टर 'परिस्थिती गंभीर आहे' म्हणाले की आईवडील मनात गाडीभाड्याचा हिशेब मांडू लागतात. डॉक्टरांनी त्या शब्दांत 'अजून आशा आहे' असे सांगितलेले असते आणि यांनी त्याचा अर्थ नेमका उलटा घेतलेला असतो. समितीने आणखी काही केले नाही आणि गाडीभाड्याची हमी एवढीच आधी दिली, तरी काही मुले आणखी दोन दिवस उपचारात राहतील, असे मी खात्रीने सांगतो.

नवजात_कक्ष

गुरुजी, शरीर नेण्याच्या खर्चाची ही बाजू इतक्या वर्षांत एकाही पालकाने मला सांगितली नाही. 'गंभीर' हा शब्द आम्ही दिवसातून अनेकदा वापरतो. यापुढे मी त्यानंतर थांबून 'तुम्हाला काय समजले ते मला सांगा' असे विचारीन.

मिशिगनचा_नाशिककर

मी अमेरिकेत मुलांच्या रुग्णालयात श्वसनोपचार तंत्रज्ञ आहे. इकडचा अनुभव जशाच्या तशा स्वरूपात नाशिकला लागू होणार नाही, पण इतिहास उपयोगी पडेल. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने कायमची बेशुद्ध असलेल्या तरुणीचे श्वसनयंत्र काढण्याविषयीच्या १९७६ च्या क्विनलन निकालात रुग्णालयाच्या नैतिक समितीचा उल्लेख केला. १९८२ साली इंडियानातील 'बेबी डो' प्रकरणात डाउन सिंड्रोम असलेल्या नवजात बाळावरची शस्त्रक्रिया पालकांच्या नकारामुळे झाली नाही आणि बाळ दगावले, त्यानंतर बालरुग्णालयांत अशा समित्यांची चर्चा वाढली. १९९२ पासून रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या जॉइंट कमिशनने नैतिक प्रश्न हाताळण्याची काही तरी व्यवस्था असणे आवश्यक ठरवले. आमच्याकडे आई, वडील, परिचारिका, सफाई कर्मचारी, कोणीही समितीला थेट फोन करू शकतो.

तरीही समितीत न्याय आपोआप येत नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सिअ‍ॅटलमध्ये डायलिसिसची यंत्रे अगदी थोडी होती आणि कोणाला उपचार द्यायचे हे सात सामान्य नागरिकांची एक समिती ठरवत असे. रुग्णाचे उत्पन्न, शिक्षण, नोकरी, वैवाहिक स्थिती, इतकेच काय तो चर्चमध्ये जातो का, हेही त्या चर्चेत येत असे. माणसे प्रामाणिक होती, पण निवड त्यांच्यासारख्याच लोकांची होत गेली. तो पेच सुटला तो १९७२ मध्ये अमेरिकी संसदेने डायलिसिसचा खर्च मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्यात आणल्यावर. स्पष्टवक्ता यांचा मुद्दा म्हणूनच मी हलका मानत नाही. समितीने खाटांचा आणि पैशांचा प्रश्नही व्यवस्थापनापुढे मांडलाच पाहिजे.

मोसम_काठ

मी मालेगावचा. दोन गोष्टी सुटल्या आहेत. पहिली भाषेची. यंत्रमागावर काम करणाऱ्या घरातली आई उर्दू बोलते, कळवण-सटाण्याकडची अहिराणी बोलते. दुभाष्याचे काम वॉर्डबॉय नाहीतर शेजारच्या खाटेवरचा नातेवाईक करतो, आणि त्याच्यासमोर घरातली गोष्ट कोण सांगेल?

दुसरी गोष्ट मुलींची. दिल्लीच्या एम्समधून २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जन्मजात हृदयविकारासाठी शस्त्रक्रिया सुचवलेल्या मुलग्यांपैकी सुमारे ७० टक्क्यांची शस्त्रक्रिया झाली होती आणि मुलींपैकी सुमारे ४४ टक्क्यांचीच. म्हणजे 'पालकांची इच्छा' या रकान्यात गरिबीबरोबर आणखीही काही लपलेले असते. अशा वेळी समिती मुलीच्या बाजूने बोलणार की कुटुंबाच्या?

कलम_४१अअ

मुलीच्या हिताच्या बाजूने, यात शंका नसावी. पालकांना संमती देण्याचा अधिकार मुलाच्या भल्यासाठी असतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम २७ मध्येही बारा वर्षांखालील मुलाच्या पालकांची संमती 'त्याच्या हितासाठी, सद्भावनेने' या चौकटीत येते. अगदी टोकाच्या प्रसंगी २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाखालील बालकल्याण समितीकडे जाता येते. मात्र तो मार्ग धमकीसारखा वापरला गेला तर पुढच्या वेळी त्या पाड्यावरची आई रुग्णालयात येणारच नाही. उपचार वाचवू शकतात हे निश्चित आहे, कुटुंबाच्या सर्व अडचणी दूर केल्या आहेत आणि तरीही नकार आहे, असे तिन्ही असेल तेव्हाच त्याचा विचार व्हावा.

सायली_पंचवटी

थोडे वेगळे विचारते. एसएमएसारख्या, स्नायू दुबळे करत जाणाऱ्या दुर्मीळ आजारावरील जनुकीय उपचाराचे इंजेक्शन कोट्यवधी रुपयांचे असते आणि लोकवर्गणीच्या संकेतस्थळांवर मुलांचे फोटो दिसतात. तिथेही ज्यांचे नातेवाईक शहरात आहेत आणि ज्यांना चांगले लिहिता येते त्यांचीच रक्कम जमते. रुग्णालय अशा आवाहनासाठी पत्र देते, तेव्हा कोणाला द्यायचे हाही नैतिक प्रश्न नाही का?

गोदातीर

नक्कीच आहे. दुर्मीळ आजारांचे राष्ट्रीय धोरण २०२१ मध्ये आले आणि ठरावीक केंद्रांमार्फत ५० लाखांपर्यंत मदत मिळते, पण त्या केंद्रापर्यंत पोहोचणे हाच मोठा प्रवास आहे. आपल्या रोजच्या कामात याहून साधे उदाहरण म्हणजे रक्ताचा कर्करोग. जागतिक आरोग्य संघटनेच्या मांडणीनुसार श्रीमंत देशांत कर्करोग झालेली ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात आणि अनेक गरीब देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्या खाली आहे. उपचार मध्येच सुटणे हे त्यामागचे एक मोठे कारण आहे. बरे होऊ शकणारे मूल दुसऱ्या महिन्यात यायचे थांबते तेव्हा डामाचा फॉर्मही नसतो. पत्र कोणाला द्यायचे आणि न आलेल्या मुलाला फोन कोणी करायचा, या दोन्ही गोष्टी मसुद्यात घ्यायला हव्यात.

नवजात_कक्ष यांच्या आक्षेपावर मी विचार केला. प्रत्येक डामासाठी पूर्ण समिती नको. पहिल्या पायरीवर दोनच माणसे असावीत: त्या मुलावर उपचार न करणारा एक वरिष्ठ डॉक्टर आणि मी किंवा वॉर्डची अनुभवी परिचारिका. टेबल नको, कुटुंब जिथे बसले आहे तिथेच बसावे. पालकांना काय समजले आहे, नेण्याचे खरे कारण काय, कोणती योजना तपासायची राहिली आहे आणि मूल कुठे नेणार आहेत, इतकेच विचारावे. उपचाराने वाचू शकणारे मूल पैशासाठी जात असेल, तर मंजुरी येईपर्यंत अनामत रक्कम थांबवण्याचा अधिकार या दोघांना रात्रीही असावा. पेच राहिला तरच समिती बोलवावी.

नवजात_कक्ष

हे मला मान्य आहे आणि रात्री दोन वाजताही शक्य आहे. त्यात एक भर घालतो. प्रत्येक महिन्याला सर्व डामांचा आढावा समितीपुढे यावा आणि तालुका, भाषा, मुलगा की मुलगी, खर्च कोण करत होते, असे रकाने त्यात असावेत. एकेका प्रसंगात जे दिसत नाही ते वर्षभराच्या तक्त्यात दिसेल.

स्पष्टवक्ता

अनामत थांबवण्याचा अधिकार लेखी मिळणार असेल तर माझा विरोध नाही. त्या तक्त्यात पहिला रकाना 'शिल्लक बिल किती होते' हा ठेवा.

रात्रपाळी

समितीत आदिवासी समाजातील एखादी व्यक्ती असावी असे मला वाटते. आशाताईंपैकी कोणी असेल तर उत्तम.

पेठचे_गुरुजी

सिस्टर, असावी, पण त्याच गावची नसावी. सिकलसेलसारख्या आनुवंशिक आजाराची गोष्ट गावात पसरली तर मोठ्या बहिणीचे लग्न अडते. पालकांना आधी विचारावे आणि त्यांनी नाही म्हटले तर त्या व्यक्तीने त्या दिवशी बसू नये.

आणखी एक मुद्दा. काही मुले खरोखर वाचणार नसतात आणि त्यांना घरी नेणे हाच योग्य निर्णय असतो. अशा आईवडिलांच्या हातात 'सल्ल्याविरुद्ध नेले' हा कागद देऊ नका. त्यांना रीतसर निरोप द्या. दूध नळीने कसे द्यायचे, दुखले तर कोणते औषध किती द्यायचे, हे मराठीत लिहून द्या, ते वाचून दाखवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना पत्र द्या.

नवजात_कक्ष

गुरुजी, याला डामा न म्हणता 'कुटुंबासोबत घेतलेला निर्णय' म्हणून नोंद करण्याची तरतूद मी सुचवतो आणि त्या नोंदीवर डॉक्टरची सही आधी असावी.

रात्रपाळी

वॉर्डचा दूरध्वनी क्रमांक त्या कागदावर घालता येईल, पण घरून फोन येतच नाहीत.

पेठचे_गुरुजी

आमच्याकडे काही पाड्यांवर रेंजसाठी टेकडीवर जावे लागते, शिवाय मोठ्या रुग्णालयात फोन करायला माणसे बिचकतात. तुम्ही आशाताईंना फोन करा, त्या घरी जाऊन येतील. मात्र त्यांचा क्रमांक मूल दाखल होतानाच घ्या. निघताना गडबडीत कोणाला आठवत नाही.

गोदातीर

दाखल करण्याच्या फॉर्ममध्ये गाव, पाडा आणि आशाताईंचा क्रमांक असे रकाने घालण्याचा प्रस्ताव मी मसुद्याबरोबरच देते. गुरुजी, पेठ आणि सुरगाण्यातील सर्व आशांचे क्रमांक एकत्र कुठे मिळतील?

पेठचे_गुरुजी

तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयात रुग्णालयाचे पत्र घेऊन या. आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकांची बैठक दर महिन्याला असते, तिथे सगळ्या भेटतात. येण्याआधी इथे कळवा, मी सोबत येईन.